खोलें, मिटाएँ

मी आयुष्यात फारसं खोटं बोललेलो नाही. हे काही चांगुलपण नव्हे, मी मुळात बोलतोच कमी. घरात म्हणतात, याच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड आणा. पण एकदा मी चार शब्द बोललो आणि त्या चार शब्दांनी माझ्या आत्याचं घर सुटलं. "असं मी कुठं म्हणालो?" एवढेच. त्याला चार वर्षं झाली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. देवासला एकटी राहायची. यजमान लवकर गेले, मुलगा धारला. तो म्हणजे माझा आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो. दादाचं घर धारमध्ये माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. आत्यानं देवासच्या एका शाळेत मराठी शिकवलं. पुढे मराठीला मुलंच येईनात, तो वर्ग बंद झाला, तेव्हा उरलेली वर्षं तिनं हिंदीतून भूगोल शिकवला आणि निवृत्त झाली. पण सवय मराठीच्या बाईंचीच राहिली. कुणी काही चुकीचं बोललं की हातातलं काम थांबवून ती दुरुस्ती करायची. मी लहानपणी एकदा तिला म्हणालो होतो, "आत्या, मी खूप चेष्टा केली पण गणित सुटलं नाही." ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. "चेष्टा केलीस म्हणूनच सुटलं नाही. प्रयत्न कर." मी हिंदी शाळेतला, तिथे चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला आजही हे असले शब्द दोन्हीकडून चावतात.

निवृत्तीनंतर तिनं एक काम काढलं. घरातले शब्द लिहून ठेवायचे. ग्रंथातले नव्हे, आमच्यासारख्या घरांतले. आमचे पूर्वज दरबाराबरोबर माळव्यात आले ते मानकरी म्हणून नाही, मुदपाकखान्यात चुलीपाशी. त्या लोकांनी तिकडून जे शब्द बांधून आणले ते इथे तसेच राहिले, तिकडे मात्र बदलले असावेत, असं तिचं म्हणणं. निमित्त झालं दादाच्या मुलीचं. आत्या बोलता बोलता "आमच्या वन्सं" म्हणाली, तर पोरगी म्हणते, "आजी, वन्स अपॉन अ टाइमवाला वन्स?" वन्सं म्हणजे नणंद, मामंजी म्हणजे सासरे, हे या मुलीला कोण सांगणार? वह्यांत लिहिलं तर ती वाचणार नाही, तिला हस्ताक्षरातलं मराठी लागत नाही. "मला कॉम्प्युटर करून दे," आत्या मला म्हणाली. "छापलेलं असलं तर वाचेल."

मी धारला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवणं हा माझा एकुलता एक छंद. इंदूरहून सगळं आणलं आणि देवासला तिच्या जेवणाच्या टेबलावर मांडलं. मी तिला म्हणालो, आधी लोखंडाला हात लावून अंगातली वीज घालवायची, मग या पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, शिवायचं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे सोवळं. कळलं." आणि मग मी प्रोसेसर बसवेपर्यंत तिनं मला पाण्याच्या तांब्यालाही हात लावू दिला नाही. प्रोसेसरवर मोहरीएवढा लेप लावला, पंखा आवळला, रॅम खाचेत दाबल्यावर टक् आवाज झाला तशी ती म्हणाली, "हाडं बसली जागेवर." माझ्या पोह्यांत तिनं मागायच्या आधी शेव घातली आणि मी लिंबू मागितलं. हे बारीकसारीक का सांगतोय ते पुढे येईल.

सगळं जुळलं. फक्त डिस्क नव्हती.

"विसरलो बघ," मी म्हणालो. विसरलो नव्हतो. तिच्यासाठी घेतलेली डिस्क मी चार दिवस आधी तपासायला म्हणून माझ्या मशीनला लावली होती. माझी जुनी भरली होती. नवीवर थोडे सिनेमे टाकले, मग आणखी थोडे, आणि ती काढवेना. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

खिशात एक पेन ड्राइव्ह होती. तिच्यावर एक अख्खी प्रणाली होती, कुठल्याही मशीनला लावा, चालू होते, डिस्क लागत नाही. मी तीच लावली. पडदा उजळला तशी आत्यानं हात जोडले. पण त्या प्रणालीची एक अट असते. तुम्ही जे लिहाल ते मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, राहतं. मशीन बंद केलं की पाटी पुसली जाते, पुढच्या वेळी सगळं पहिल्या दिवसासारखं कोरं. कायमचं ठेवायचं तर पेन ड्राइव्हवर वेगळा कप्पा आधीच करून घ्यावा लागतो. तो मी केला नव्हता, आणि माझी इंदूरची बस निघायची वेळ झाली होती.

म्हणून जाताना दारात चपला घालत मी म्हणालो, "आत्या, बंद करू नकोस हां. नुसता पडदा काळा होऊ दे. मी रविवारी डिस्क घेऊन येतो."

"बंद केलं तर?"

"करू नकोस, बस."

का ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डिस्क कुठे आहे तेही सांगावं लागलं असतं. तिच्याकडे इन्व्हर्टर होता, लाइट गेली तरी मशीन चालू राहणार. एखादी दुसरी पेन ड्राइव्ह देऊन, रोज हिच्यावर नक्कल ठेव म्हणालो असतो तरी निभलं असतं. तेही केलं नाही.

आणखी एक. मेनूची भाषा मी हिंदी ठेवली. मराठी लावून पाहिली होती, पण 'संचिका', 'जतन करा' असलं काही दिसायला लागलं आणि मलाच समजेना. आत्याला हिंदी येतंच की, असं म्हणून मी माझी सोय पाहिली.

तो रविवार गेला. पुढचाही गेला. फोनवर ती सांगायची, आज 'त' संपला, आज 'द'. मी विचारायचो, सेव्ह करतेस ना? "शेव करायची तर बेसन लागतं," ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. पाच रविवार मी काही ना काही काढलं. कधी पाहुणे, कधी घसा. मशीन तिकडे रात्रंदिवस चालू होतं आणि माळव्यातल्या शेकडो शब्दांचं ओझं एका रॅमच्या पट्टीवर होतं, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना तिचा फोन आला.

"अरे, माझी फाइल दिसत नाही."

"काय केलंस?"

"काही नाही. काल काम झालं, मिटून ठेवली. रोज तो कोपऱ्यातला चौकोन दाबते. काल तो दाबला तर फाइलचं चित्र तसंच समोर दिसत राहिलं, मला वाटलं अजून उघडीच आहे. मग त्या चित्रावर दाबलं तर यादी निघाली बघ, वर 'खोलें', खाली 'मिटाएँ'. उघडा आणि मिटा. मी मिटा केलं."

मी अर्धंच ऐकत होतो. परीक्षक खुणावत होते. जे प्रत्येक कॉम्प्युटरवाला प्रत्येकाला सांगतो तेच मी सांगितलं, "बंद करून परत चालू कर."

"तू तर बंद करू नकोस म्हणाला होतास."

"अगं आता मीच सांगतोय ना. कर. मी ठेवतो."

अर्ध्या तासानं बेसिनपाशी काचेची नळी धुताना मला तिचं बोलणं पुन्हा ऐकू आलं. मिटून ठेवली. मराठीत आपण पोथी मिटतो, वही मिटतो, डोळे मिटतो. मिटलेलं पुन्हा उघडतं. हिंदीत मिटाना म्हणजे पुसून टाकणं. साठ वर्षं देवासच्या बाजारात ती हिंदी बोलत होती, पण वही समोर असली की तिचं डोकं मराठीत चालायचं, आणि 'खोलें'च्या जोडीला 'मिटाएँ' पाहून तिनं ते आपल्या भाषेत वाचलं.

आणि तेव्हा पुढचं लक्षात आलं. त्या प्रणालीत 'मिटाएँ' म्हटल्यानं फाइल लगेच जात नाही. टोपलीत पडते. टोपली उघडून दोन वेळा दाबलं की परत येते. सकाळी अकरापर्यंत तिचे सगळे शब्द त्या टोपलीत सुखरूप होते. मी "बंद करून चालू कर" म्हणेपर्यंत.

मी धावत बाहेर जाऊन फोन लावला. "केलं," ती म्हणाली. "आता तर पहिल्या दिवशीसारखं दिसतंय. माझं काहीच नाही यात."

त्या रविवारी मात्र मला सवड झाली. दादाही आला. मी टेबलापाशी बसून उगाच इकडे तिकडे दाबत राहिलो. नाही ते शोधण्याचं नाटक करायला किती वेळ लागतो, ते मला त्या दिवशी कळलं.

दादानं विचारलं, "क्या हुआ भिया, मिलेगी?" माळव्यात भैयाचा भिया होतो.

"नाही."

"गेली कशी पण?"

"आत्यानं 'मिटाएँ' दाबलं. म्हणजे डिलीट."

हे खरं होतं. खऱ्याच्या आडोशाला मी बसलो होतो. दादा हसला, "आई, तूपण ना! मास्तरीण असून!" आत्या हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"पण आधी तू बंद करू नकोस म्हणाला होतास ना? आणि मग तूच बंद कर म्हणालास. त्यानं तर नाही गेली?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. डिस्क, सिनेमे, पाच रविवार, सगळं मला तेव्हा सांगता आलं असतं. आणि मी म्हणालो, "असं मी कुठं म्हणालो, आत्या?"

"नाही म्हणालास? दारात? चपला घालताना?"

"नाही गं."

"मग मला कसं आठवतंय?"

"होतं आई," दादा म्हणाला, मायेनंच. "वय झालं."

माझी आजी, म्हणजे आत्याची आई, शेवटच्या वर्षांत कुणालाच ओळखत नव्हती. स्वतःच्या लेकीला 'बाई, तुमचं गाव कोणतं' विचारायची. आत्यानं ती वर्षं काढली होती आणि तिला जगात त्या एकाच गोष्टीची भीती होती. हे मला माहीत होतं. माहीत असताना मी ते चार शब्द बोललो.

त्यानंतर ती मशीनपाशी बसली नाही. वहीसुद्धा उघडली नाही. "मला जे शब्द आठवतात ते तसे होते की मीच बनवतेय, कुणास ठाऊक," असं एकदा फोनवर म्हणाली. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. गॅस बंद केला. दुधवाला आला. कुलूप दोनदा पाहिलं. वहिनीनं, दादाच्या बायकोनं, एकदा त्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि घाबरली. वर्षाच्या आत ते तिला धारला घेऊन आले. देवासच्या घराला कुलूप लागलं.

दादाच्या घरी तिचे हाल नव्हते, हे सांगितलं पाहिजे. वहिनी चांगली आहे. पण जी बाई रस्त्यानं जाता जाता पाट्यांवरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायची ती आता कुणी काही म्हटलं की म्हणायची, "असेल बाई. माझंच चुकलं असेल." बदनावरला नातलगांच्या लग्नात कुणीतरी तिच्या वडिलांचं गाव चुकीचं सांगितलं. मी शेजारी बसलो होतो. ती काहीतरी बोलायला गेली, थांबली आणि म्हणाली, "असेल." त्या पंगतीत मी पानातलं तसंच ठेवलं. वाढणाऱ्यानं विचारलं, भिया, नमक कम है क्या?

मी दर आठवड्याला दादाकडे जायचो. चहा प्यायचो. तिच्या गोळ्या आणून द्यायचो. दादा लोकांना सांगायचा, सख्ख्या भाच्यानं इतकं करायचं, हल्ली कोण करतं!

गेल्या हिवाळ्यात देवासचं घर विकायचं ठरलं. गिऱ्हाईक आलं होतं. दादानं कागद आणले आणि वाचून दाखवले. आत्या म्हणाली, "मला काय विचारता, मला कुठं काही लक्षात राहतं. कुठं सही करायची दाखवा." दादा म्हणाला, सोमवारी करू, वकिलासमोर. तो शनिवार होता. मी तिथेच होतो, चहाचा कप घेऊन.

रविवारी दुपारी दादा बाहेर गेलेला, वहिनी आत झोपलेली. आत्या अंगणात मटार सोलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू खरं बोलतोस म्हणून विचारते. माझं डोकं इतकं गेलंय का रे, की मी माझ्या घरात राहू नये?"

मी कप खाली ठेवला. कसं बोललो ते मला नीट आठवत नाही. डिस्कपासून सुरुवात केली एवढं आठवतं. टोपलीचं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मी म्हणालो होतो, आत्या. बंद करू नकोस म्हणालो होतो. तुला बरोबर आठवत होतं."

ती शेंग सोलायची थांबली.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"'आत्या, बंद करू नकोस हां. नुसता पडदा काळा होऊ दे,'" ती म्हणाली. हळू, जसं काही श्रुतलेखन घालतेय. "डावी चप्पल आधी घातलीस. त्याच्या आधी पोह्यांवर लिंबू मागितलंस, मी शेव आधीच घातली होती. बस सव्वापाचची होती."

"हो."

"सगळं आहे म्हणजे."

"हो, आत्या."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला मारेल. तिनं ताटातले दाणे एका बाजूला केले, सालं दुसऱ्या बाजूला. मग म्हणाली, "चार वर्षं मी झोपण्याआधी माझ्या आईची नावं मोजायची. माहेरचं, सासरचं, लाडाचं. तीनही आली की झोपायची. तुला कधी सुचलं नाही, की हिला सांगून टाकावं?"

"रोज सुचायचं."

"मग?"

मी खाली पडलेली सालं वेचू लागलो.

"दादा आला की त्याच्यासमोर सांग," ती म्हणाली. "सुनेसमोरही. मी सांगितलं तर म्हणतील, आईला भास होतात."

संध्याकाळी मी सांगितलं. दादा मोठ्यानं बोलणारा माणूस आहे, त्या दिवशी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, "भिया, चार साल तू याच खुर्चीत बसून चहा पीत होतास." वहिनी आत निघून गेली आणि तिनं बरणीत साठवलेल्या चिठ्ठ्या आणून टेबलावर ओतल्या. गॅस बंद केला. कुलूप पाहिलं. कुलूप परत पाहिलं.

सोमवारी सही झाली नाही. फाल्गुनात आत्या देवासला परत गेली. दादा नको म्हणत होता, आता खरंच वय झालंय, पडलीस तर कोण आहे, आणि त्याचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती जिने चढत होती, आता भिंतीला धरून चालते. ती वर्षं मी कुठल्या टोपलीतून काढून देणार?

मी डिस्क बसवून देतो म्हणालो. मेनू मराठीत करून देतो, शिकून घेईन. तिनं नाही म्हटलं. "ते मशीन तू घेऊन जा." ती पुन्हा वहीत लिहिते आहे, 'अ' पासून. दादाच्या मुलीनं हस्ताक्षर वाचायला शिकायचं, असं तिनं ठरवलंय. मुलगी फोनवर कुरकुरते, पण सुट्टीत जाते.

मला तिनं एकच काम दिलं. "जे केलंस ते मराठीत लिहून आण. हिंदी शाळेत होतो म्हणून सुटणार नाहीस." मी त्याच मशीनवर, आता आत डिस्क असलेल्या, हे लिहिलं. पानं छापून देवासला नेली. तिनं लाल पेन घेतलं. तीन दिवस ठेवून घेतली. ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा जागोजाग होत्या, 'प्रयत्न'च्या जागी मी एकदा पुन्हा 'चेष्टा' लिहिलं होतं तिथे वर्तुळ. शेवटी मी लिहिलं होतं, 'मी सगळ्यांसमोर कबूल केलं आणि विषय मिटला.' त्या ओळीखाली तिनं रेघ मारली नव्हती. बाजूला फक्त लिहिलं होतं, 'मिटला नाही.'

ते वाक्य मी काढलं आहे. येत्या रविवारी ही नवी पानं घेऊन जायचंय. गेल्या खेपेला तिनं दार उघडलं, "ये" म्हणाली, पोहे केले, आणि मी निघेपर्यंत दुसरं काही बोलली नाही. पोह्यांवर शेव नव्हती. लिंबू मी मागितलं नाही.